एकाला पोहता येतं, दुसऱ्याला नाही: अंदमानातली पहिली डाइव्ह

प्रश्न असा आहे. पुण्याचं जोडपं, दोघंही तिशीतले, जानेवारीत पाच रात्रींसाठी अंदमानला निघालंय. बायको शाळेपासून पोहणारी, नवरा मात्र कमरेच्या पुढे पाण्यात न जाणारा. पोहता न येता स्कुबा जमतं का, एकदाच अनुभव घ्यावा की रीतसर कोर्स करावा, आधी तारकर्लीला जाऊन सराव करावा का आणि पाण्याखाली दोघांना एकत्र राहता येईल का, असं नवऱ्याने विचारलंय.

जमतं. स्वराज द्वीपवर (जुनं हॅवलॉक) किनाऱ्यावरूनच आत जाणारी साधी ट्राय डाइव्ह (कोर्स न करता, इन्स्ट्रक्टरसोबत एकदाच घ्यायचा अनुभव) घ्या. दोघांसाठी दोन वेगळे इन्स्ट्रक्टर मागा. आणि दोघांची डाइव्ह एकच आहे, हा विचार पुण्यातच सोडून या. बाकीचं बरंचसं यातूनच ठरतं.

ट्राय डाइव्हला पोहणं का लागत नाही, ते आधी. अंगात बीसीडी नावाचं जाकीट असतं, त्यात हवा भरता येते आणि सोडता येते. पाण्यावर तेच तुम्हाला उचलून धरतं. खाली गेल्यावर त्यातली हवा आणि कमरेची शिशाची वजनं यांचा तोल इन्स्ट्रक्टर सांभाळतो. त्याचा हात तुमच्या सिलिंडरवर असतो. खाली कधी जायचं, वर कधी यायचं, पुढे किती सरकायचं, सगळं तोच बघतो. नियमाप्रमाणे ट्राय डाइव्हला १२ मीटरच्या खाली नेत नाहीत, आणि तेवढं जायची गरजही नसते. पूर्व किनाऱ्यावरच्या नेमो रीफसारख्या ठिकाणी पाच-सात मीटरवर भरपूर दिसतं. तुमच्याकडे कामं दोनच: श्वास चालू ठेवायचा आणि कान मोकळे करायचे.

उलट पट्टीच्या पोहणाऱ्यांवर इन्स्ट्रक्टर म्हणून मी जास्त लक्ष ठेवतो. पोहताना श्वास रोखायची सवय अंगात मुरलेली असते, आणि स्कुबामध्ये नेमकं तेच करायचं नसतं. १० मीटरवर पाण्याचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छातीत भरून घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. तोंडाने सोडत राहिलात तर काही होत नाही, रोखून धरलीत तर फुप्फुसाला इजा होते. त्यासाठी खोल जावं लागतं असंही नाही, जेमतेम दीड मीटरवरून श्वास रोखून वर आलं तरी धोका असतो. दुसरी खोड हातांची. पोहणारे हात मारत राहतात, दमतात, हवा लवकर संपवतात, आणि एखादा हात प्रवाळावर बसतो. तेव्हा तुमच्या सौभाग्यवतींना सांगा: हात छातीशी बांधून घ्यायचे, श्वास सावकाश घ्यायचा, लांब सोडायचा, मध्ये थांबायचं नाही.

तुम्हाला स्वतःला भीती वाटेल ती बुडण्याची नाही. नाकाची वाटेल. मास्कमध्ये चमचाभर पाणी शिरलं की माणूस नाकाने श्वास ओढतो, ठसका लागतो आणि मग सगळंच हातातून सुटतं. पहिल्या डाइव्हला घाबरून वर आलेल्या बहुतेकांची सुरुवात मी इथूनच झालेली पाहिलीय. याचा इलाज घरी करता येतो. जायच्या आधी महिनाभर जवळच्या तलावावर उथळ बाजूला उभे राहा. पाण्यात तोंड बुडवून नाका-तोंडाने बुडबुडे सोडा, वर या, तोंडाने श्वास घ्या, पुन्हा बुडवा. ते अंगवळणी पडलं की स्नॉर्केल तोंडात धरून, मास्क न लावता, चेहरा पाण्यात ठेवून फक्त तोंडाने श्वास घ्यायचा. दोन-तीन मिनिटं हे शांतपणे जमलं की तुम्ही तयार. पोहायला शिकलात तर उत्तमच, पण महिन्याभरात यातलं एकच होणार असेल तर हे करा.

आता कान. पहिली डाइव्ह बहुधा कानापाशी अडते. घाटात गाडी चढताना किंवा विमान उतरताना कानाला दडे बसतात, तोच प्रकार, फक्त पाण्यात तो फार झटपट होतो. जमिनीपासून पार विमानाच्या उंचीपर्यंत हवेचा दाब जितका बदलतो, त्याहून जास्त बदल पहिल्या १० मीटर पाण्यात होतो. पडद्याच्या आतल्या पोकळीत दाब पोचवणारी बारीक नळी नाकामागे उघडते. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हलकेच फुंकलं की ती उघडते आणि कान 'पॉप' होतात. हे दुखायला लागल्यावर करायचं नसतं, दुखायच्या आधी करायचं. पाण्यात डोकं गेलं की एकदा, मग दर अर्ध्या-एक मीटरला एकदा. दुखेपर्यंत थांबलात तर दाबाने ती नळी मिटते आणि मग कितीही फुंका, उघडत नाही. जोर लावला तर पडद्याला इजा. अशा वेळी इन्स्ट्रक्टरला कानाकडे बोट दाखवायचं, मीटरभर वर यायचं, पुन्हा प्रयत्न करायचा. दोन-तीनदा करूनही कान सुटले नाहीत तर डाइव्ह तिथेच संपली. 'एवढे पैसे भरलेत, थोडं सोसू' हा हिशेब पाण्याखाली चालवू नका.

सर्दी असेल तर जाऊच नका. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरणारे बरेच असतात. गोळीचा असर मध्येच उतरला तर खाली जाताना सुटलेला कान वर येताना अडकतो, आणि तेव्हा खालीच राहा म्हणायची सोय नसते, हवा संपत आलेली असते.

आता जोडीचं. एकत्र जायचंय म्हणजे हातात हात घालून तरंगायचंय, अशी कल्पना घेऊन बहुतेक जोडपी येतात. जाहिरातीतला फोटो तसाच असतो. प्रत्यक्षात एकाचे कान पटकन सुटतात, दुसऱ्याचे अडतात. एक निवांत असतो, दुसऱ्याचा श्वास फुललेला असतो. एकच इन्स्ट्रक्टर दोघांना घेऊन गेला तर निवांत माणूस कुडकुडत खाली थांबतो आणि अडलेला माणूस 'माझ्यामुळे हिची डाइव्ह फुकट जातेय' म्हणून घाई करतो. घाईत कान जातात. दोन इन्स्ट्रक्टर असले की हा प्रश्नच उरत नाही. तुम्ही तीन मीटरवरून परत आलात तरी तुमच्या सौभाग्यवती खाली अर्धा तास फिरून येतील. फोटोचं म्हणाल तर आधी सांगून ठेवा. दोघंही स्थिर झाल्यावर वाळूच्या जागी दोघांना जवळ आणून काढतात. स्वतःचा गोप्रो पहिल्या डाइव्हला खोलीतच ठेवा.

आणखी एक, जरा नाजूक. एकमेकांना शिकवू नका. किनाऱ्यावर सराव चालू असताना 'अगं असं नाही, तसं' किंवा 'एवढं काय घाबरतोस' सुरू झालं की मी जोडीला दोन टोकांना उभं करतो. आणि आपल्याला नको वाटलं तर कारण न देता थांबायचा हक्क दोघांनाही आहे, हे आदल्या रात्री बोलून घ्या. मधुचंद्राला आलेल्या मुली नवऱ्याचा विरस नको म्हणून उतरतात. पुरुष बायकोसमोर भित्रे दिसू नये म्हणून उतरतात, आणि तुम्ही त्यात आहात की नाही ते तुम्हीच बघा. इन्स्ट्रक्टरला हे कानात येऊन सांगितलं तरी पुरतं. 'कान सुटत नाहीत' असं सांगून आम्ही सांभाळून घेतो.

खुणा सोप्या आहेत, एक लक्षात ठेवा. अंगठा वर म्हणजे 'मस्त' नाही, 'मला वर जायचंय'. सगळं ठीक आहे हे सांगायला अंगठा आणि तर्जनीचं गोल करायचं. आनंदाच्या भरात अंगठा दाखवून डाइव्ह संपवणारे हंगामात कायम भेटतात.

केंद्र निवडताना भाव शेवटी विचारा. आधी हे विचारा: एका इन्स्ट्रक्टरकडे किती जण? मोकळ्या समुद्रात ट्राय डाइव्हसाठी एकाहून जास्त माणसं चालतात असं पाडी या स्कुबा प्रशिक्षण संस्थेचा नियम म्हणतो, पण पोहता न येणाऱ्याने एकास एकच मागावं. अंदमानातली चांगली केंद्रं ते मुळातच देतात. उथळ पाण्यात आधी सराव किती वेळ? किमान मास्कमधलं पाणी काढणं, तोंडातला रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा देणारा भाग) काढून परत लावणं आणि कान मोकळे करणं एवढं उभं राहता येईल अशा पाण्यात झालं पाहिजे. हे दहा मिनिटांत उरकणाऱ्याकडे जाऊ नका. आजाराची प्रश्नावली भरून घेतात का? घेत नसतील तर तिथूनच परत फिरा. बोटीवर किंवा किनाऱ्यावर ऑक्सिजनचा संच आहे का, हेही विचारा. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो, साधी दाबलेली हवा असते, त्यामुळे आणीबाणीसाठी शुद्ध ऑक्सिजन वेगळा ठेवावा लागतो.

त्या प्रश्नावलीत सगळीकडे 'नाही' ठोकून मोकळे होऊ नका. दमा, फिट येणं, हृदयाचा त्रास, रक्तदाबाची गोळी, कानाची किंवा छातीची शस्त्रक्रिया, यातलं काही असेल तर डॉक्टरची सही लागते. बेटावर ऐनवेळी डॉक्टर शोधण्यात तुमचा दिवस जाईल. केंद्राकडून तो फॉर्म आधीच मागवा आणि पुण्यातच तुमच्या डॉक्टरांना दाखवा. आणि जोडप्यांना कुणी सहसा विचारत नाही ते विचारतो: दिवस राहिल्याची शक्यता आहे का? असेल तर डाइव्ह नाही. गर्भावर दाबाचा नेमका काय परिणाम होतो याची चाचणी माणसांवर करता येत नाही, म्हणून सगळ्याच संस्था नको म्हणतात. स्नॉर्केलिंग चालतं. पाळी चालू असेल तर मात्र डाइव्हला आडकाठी नाही. शार्क येतात वगैरे गोष्टी सोडून द्या.

सहलीची आखणी करताना विमानाकडे आधी बघा. डाइव्ह करताना शरीरात नायट्रोजन विरघळतो, तो सावकाश बाहेर पडतो. त्याआधी विमानात कमी दाबात गेलात तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. एक डाइव्ह केली तर किमान १२ तास, एकाहून जास्त किंवा लागोपाठ दिवस केल्या तर १८ तास विमान नाही, हा सर्वमान्य नियम. मी सगळ्यांना २४ तास सांगतो, म्हणजे गणित करावं लागत नाही. तुमच्या पाच रात्रींत ते आरामात बसतं. पहिल्या दिवशी श्री विजयपुरमला (पोर्ट ब्लेअर) मुक्काम. दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीबोटीने स्वराज द्वीप, दुपारी झोप, संध्याकाळी राधानगर बीच. तिसऱ्या दिवशी सकाळी डाइव्ह. चौथा दिवस मोकळा ठेवा, कारण वारा सुटला किंवा कान रुसले तर तोच कामाला येतो, आणि सगळं छान झालं तर दुसरी डाइव्ह त्याच सकाळी. पाचव्या दिवशी फेरीबोटीने परत आणि सेल्युलर जेल, सहाव्या दिवशी विमान. लोक नेमकं उलटं करतात. जेल, रॉस बेट आधी उरकून शेवटच्या दिवशी डाइव्ह ठेवतात आणि मग केंद्रवाल्याशी वाद घालतात.

सकाळचीच वेळ मागा. वारा कमी असतो आणि तिकडे दिवस फार लवकर सुरू होतो. आपलंच घड्याळ, पण सूर्य बराच पूर्वेला. जानेवारीत पाच-सव्वापाचच्या सुमाराला सूर्य मावळलेला असतो. भरतीची वेळ केंद्राला विचारा. ओहोटीला किनाऱ्यावरून आत जाताना सामान पाठीवर घेऊन दगडांतून बरंच चालावं लागतं, आणि दमलेला माणूस पाण्यात जास्त घाबरतो. बोटीने जाऊन मागे उलटी कोलांटी मारणं फोटोत भारी दिसतं, पण तुमच्यासाठी चालत चालत छातीभर पाण्यात जाणंच बरं. डिक्सन्स पिनॅकल, जॉनीज गॉर्ज ही नावं ऐकाल, ती खोल आहेत, शिकलेल्यांसाठी. त्यांचा मोह नको.

तारकर्लीबद्दल. मालवणचा समुद्र मला आवडतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांत मासे भरपूर, १९८७ पासून तो भाग सागरी अभयारण्य आहे. पण तिथलं पाणी अंदमानसारखं काचेचं नाही. काही दिवस हात-दोन हातांपुढचं धूसर दिसतं, आणि सुट्ट्यांच्या गर्दीत घाऊक पद्धतीने शिडी धरून खाली, फोटो, वर असा कारभार चालतो. अंदमान ठरलेलंच असेल तर सरावासाठी तसल्या गर्दीत जाऊ नका. पाण्याचं चित्र मनात उगाच वाईट बसेल. मात्र तारकर्लीलाच एमटीडीसीची स्कुबा प्रशिक्षण संस्था आहे, तिथे शिकवण्यासाठी तलाव आहे. तिथे, किंवा मुंबई-पुण्यात जे इन्स्ट्रक्टर तलावात सराव घेतात त्यांच्याकडे, एक सत्र केलंत तर तुमचं अर्धं काम झालं. पावसाळ्यात मात्र कोकणातला समुद्र बंद असतो.

कोर्सचं. ओपन वॉटर कोर्सला तीन-चार दिवस लागतात, समुद्रात चार डाइव्ह होतात आणि त्यानंतर सोबत्याबरोबर १८ मीटरपर्यंत जाता येतं. त्यासाठी २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं लागतं. म्हणजे तुमच्यासाठी या वेळी विषयच नाही. तुमच्या सौभाग्यवतींसाठी आहे, पण पाच रात्रींत तो केला तर तुम्ही रोज सकाळी एकटे किनाऱ्यावर शहाळं घेऊन बसाल. त्यांना खरंच करायचा असेल तर एक मार्ग आहे: अभ्यास आणि तलावाचा भाग पुण्यात उरका, तेवढं झाल्याचा कागद घेऊन जा आणि समुद्रातल्या चार डाइव्ह तिथे दोन सकाळींत करा. मग मात्र मोकळा दिवस उरत नाही. मला विचाराल तर दोघांनी ट्राय डाइव्ह करून पुढच्या हिवाळ्यात दोघांनी मिळून कोर्स करावा असं सुचवेन, तोवर तुम्ही पोहायला शिकलेले असाल.

किरकोळ गोष्टी. मंगळसूत्र, बांगड्या, अंगठ्या खोलीत. पाण्यात बोटं आक्रसतात आणि अंगठी कधी निसटली ते कळतही नाही. मंगळसूत्र जाकिटाच्या पट्ट्यात अडकतं. मेंदीला काही होत नाही. चष्मा असेल तर नंबरचा मास्क आधी मागून ठेवा, बऱ्याच केंद्रांत असतो. मिशी दाट असेल तर मास्क गळतो. नाकाखालची एक पट्टी काढली तर बरं, नाहीतर व्हॅसलीन. केसांची घट्ट वेणी, कपाळावरची बट मास्कच्या आत जाता कामा नये. आदल्या रात्री दारू नाही. सकाळी केळं, टोस्ट, चहा एवढंच. उपाशीपोटी तर मुळीच जाऊ नका, मळमळ वाढते.

खाली गेल्यावर काय बघायचं ते इन्स्ट्रक्टर दाखवेल, पण नेमो रीफच्या नावाला साजेसा क्लाउनफिश ('फाइंडिंग नेमो' सिनेमातला नेमो तोच) दिसला तर थोडं थांबा. अॅनिमोन या फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री जीवाच्या झुपक्यात राहणाऱ्या या कुटुंबात सगळ्यात मोठा मासा मादी असते, आणि जन्मतः सगळे नरच. मादी गेली की तिचा जोडीदार स्वतः मादी होतो आणि खालचा नर वर सरकतो. घरावर कुणी आलं तर आपल्या करंगळीएवढा मासा बोटाला चावायला धावतो. लाल रंग पाच-सहा मीटरनंतर विझत जातो, त्यामुळे फोटो हिरवट-निळे आले म्हणून केंद्राशी भांडू नका. काहीही हातात घेऊ नका. शिंपला, प्रवाळाचा तुटका तुकडासुद्धा नाही: प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि विमानतळावर सामान तपासतात.

खरेदी काही करू नका, मास्कसुद्धा नाही. आधी डाइव्ह होऊ दे. आवडलं आणि कोर्स करायचं ठरलं तरच दुकानात जाऊन मास्क घ्या: पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवायचा, नाकाने किंचित हवा ओढायची आणि हात सोडायचा. पडला नाही तर तो तुमचा.